छातीची मधली पट्टी

१

गुणाजीचं औषध खाडीने परत केलं, ते त्याच्याच धाकट्या भावाच्या जाळ्यातून.

ओहोटीला गोमाजीने जाळं ओढलं, तर थोडी कोळंबी, चार निवट्या आणि पिशव्यांचा गुंता. त्या गुंत्यात फिरकीच्या झाकणाची एक प्लास्टिकची बाटली होती. ठाण्याच्या क्षयरोग दवाखान्यात औषध मिळायचं ते अशाच बाटलीतून. आत मूठभर लाल कॅप्सुली आणि पांढऱ्या गोळ्या होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाटली डॉक्टर पाटणकरांच्या टेबलावर आली. पाठोपाठ गोमाजी, त्याची आई भागीरथी आणि दाराच्या चौकटीला टेकून गुणाजीची बायको जनी. जनीला सातवा महिना चालू होता. तिला कोणी बस म्हटलं नाही.

"बगा डागदर," भागीरथी म्हणाली, "माजा पोर वरीसभर खोकतोय. तुमी बोलता औषध घेत नाय, ही बोलते मी देते. आता खाडीनं साक्ष दिली. माज्या पोराचं औषध हिनं पान्यात टाकलं."

"मी नाय टाकलं," जनी म्हणाली. आवाज इतका बारीक, की पलीकडच्या खोलीत सूक्ष्मदर्शकाशी बसलेल्या डॉक्टर हेमा टिपणीसांनी नुसते ओठ हललेले पाहिले.

"मग बाटलीला काय पाय फुटले?" गोमाजी म्हणाला.

हेमा टिपणीस उठून दाराशी आल्या. बाई अबोल. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचा बेडका काचपट्टीवर रंगवून तपासायचा, हे त्यांचं काम. माणसांपेक्षा त्यांचे जंतूच त्यांच्या अधिक ओळखीचे होते. गुणाजीचे तर फारच. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या, दर तपासणीला तितक्याच, कधी थोड्या जास्तच. औषध चालू असलेल्या माणसाच्या काड्या दोन-तीन महिन्यांत दिसेनाशा व्हायला हव्यात.

पाटणकर थकलेल्या आवाजात म्हणाले, "बघा, यात पोलीसबिलीस काही आणू नका. औषध बुडवणारे मी रोज बघतो. सोमवारपासून नव्याने सुरुवात करू. आता जोडीला रोज स्ट्रेप्टोमायसिनची सुई. इथेच, सिस्टरच्या हातून, माझ्या डोळ्यांसमोर."

"सुया लागल्या का बरा होईल ना?" भागीरथीने विचारलं. चेहऱ्यावरचा राग क्षणभर बाजूला सरला, आणि मागची आई दिसली.

"औषध अंगात गेलं की माणूस बरा होतो, आजी."

"मंग झालं." ती जनीकडे वळली. "रविवारी निवाड्याला जमात बसल. हिची रवानगी कोलशेतला, बापाकडं. बालंत झाली का पोर आमचा, आमी घेऊन येऊ. नवऱ्याच्या जिवावर उठलेलीच्या हातात पोर नाय ठेवनार मी."

जनीने पोटावरचा हात हलवला नाही.

"आणि ती जुनी छातीच्या एक्स-रेची फोटोप्लेट?" पाटणकरांना आठवलं. "कल्याणला काढलेली, टीबीच्या आधीची. किती वेळा मागितली मी."

"तीबी हिनंच नाहीशी केली," भागीरथी म्हणाली. "पेटीत होती. दिवालीनंतर बगते, तं नाय."

ती माणसं गेल्यावर हेमाबाईंनी बाटली उचलली. झाकण घट्ट होतं. ते फिरवून उघडलं आणि आत टिपकागदाचा तुकडा फिरवला. कागद कोरडा बाहेर आला. म्हणजे खाडीचं पाणी आत शिरलंच नव्हतं. पण कॅप्सुली एकमेकींना चिकटल्या होत्या, फुगून वेड्यावाकड्या झाल्या होत्या. गोळ्यांच्या कडा खडीसाखर चघळल्यासारख्या झिजल्या होत्या.

बाटली कोरडी होती, मग औषध ओलं कशाने झालं?

२

"तोंडाने," हेमाबाई म्हणाल्या. "या गोळ्या कुणाच्या तरी तोंडात गेल्या आणि बाहेर आल्या, सर. बायकोला फेकायच्या असत्या, तर तिने कोरड्या फेकल्या असत्या."

पाटणकर चहा पीत होते. "म्हणजे त्याने थुंकल्या. माझं म्हणणं तेच राहतं, टिपणीसबाई. नवरा काय, बायको काय, औषध पोटात नाही गेलं."

"त्याचे जंतू मी कल्चरला पाठवले होते. आपल्या सगळ्या औषधांनी ते नळीत मरतात."

"पण नळी थुंकत नाही ना."

हेमाबाई हसल्या नाहीत. "मँटू केली होती त्याची. हातावर टीबीची टोचणी दिली की टीबीच्या माणसाचा हात सुजून लाल होतो. याचा हात सपाट."

"कुपोषण. खायला नीट नसलं की होतं तसं."

"कोळ्याच्या घरात? आणि तोंडात दह्यासारखी पांढरी बुरशी, ती?"

पाटणकरांनी कप खाली ठेवला. "तुमच्या मनात येतंय ते माझ्याही आलं होतं. एड्सची तपासणी करून घेतली, दोनदा. नाही निघाली. माझ्याकडे रोज शंभर माणसं येतात, बाई. त्यातले वीस औषध बुडवतात. याला वेगळं मानायला मला काहीतरी हातात द्या."

म्हणणं रास्त होतं. शनिवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी, कोणालाही न कळवता, हेमाबाई बाळकुमला गुणाजीच्या घरी गेल्या.

खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडाशीच शेजारीण चंद्रभागा सुकट पसरत बसली होती. दवाखान्याच्या बाई म्हटल्यावर तिने हातातलं टाकून पाट पुढे केला. भागीरथीची जन्माची मैत्रीण, त्यामुळे जनीबद्दल तिच्याकडे एकही चांगला शब्द नव्हता.

"ती पोरगी चांगली नाय, बाय. नवरा मरतोय, आन् ही टोपली घेऊन बाजारात. औषध द्यायला पायजे का नको? नाय दिलं, त्यानं तं कावील पन झाली त्याला."

"कावीळ? कोण म्हणालं?"

"कोनी कशाला बोलायला पायजे? आमच्या मोरीच्या मागंच जातो ना तो. तांबडी लाल लघवी! दिवालीच्या आदीपासून बगते मी. बनेनला काखंत पन तांबडे डाग, धुऊन जात नाय. मी झाडपाला आनून दिला, तं ती घेत नाय. बोलते, औषदानं होते तसं. औषदानं कोनाची लघवी लाल होते का, सांगा!"

"होते," हेमाबाई सावकाश म्हणाल्या. "त्या लाल कॅप्सुलींनी होते. पोटात गेल्या तरच."

चंद्रभागेचं तोंड उघडंच राहिलं. जनीविरुद्ध साक्ष द्यायला बसलेल्या बाईने तिला सोडवलं होतं, आणि ते तिला अजून उमगलं नव्हतं.

घरात गुणाजी ओसरीवर जाळं विणत बसला होता. चाळिशीच्या आतला, खंगलेला, पण हात झरझर चालत होते आणि डोळे लख्ख उघडे होते. हेमाबाईंनी लघवीचा नमुना मागितला तेव्हा तो लाजला. बाटली जनीने आणून दिली. पक्का नारिंगी रंग. आज कोणी तपासायला येणार हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, म्हणजे औषध मुद्दाम आजच दिलेलं नव्हतं.

"औषध कधी देतेस?"

"सकालीच देते. उठल्याबरोबर, पेजेच्या आधी."

"आम्ही तर रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितलं होतं."

जनीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जाळ्याकडे.

"रातचं नाय जमत," एवढंच ती म्हणाली.

गोमाजी होडीवरून वर येत होता. त्याने ते ऐकलं आणि कडवट हसला. "नाय जमत, कारन रातचा भाऊ शुद्धीत नसतो. सकाली बगाल तं साधू. सांजंला या, मंग बगा. डोले झाकलेले, जीभ जड, नाकात बोलतो. बोलतो दारू सोडली. कोनाला सांगतो? आमी काय दारू बगितली नाय?"

गुणाजीने मान वर केली नाही. "मी पीत नाय," तो जाळ्याला म्हणाला.

"संध्याकाळी येते," हेमाबाई म्हणाल्या.

३

दिवस कलताना त्या परत आल्या, तेव्हा गुणाजी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. तो सकाळचाच माणूस आहे यावर विश्वास बसेना. डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर उतरली होती, उजवी तिच्या मागे निघाली होती. हनुवटी त्याने तळहाताने तोलून धरली होती, जसा काही जबडा आपणहून मिटून राहत नव्हता.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून निळसर उजेड येत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर पडला होता. खिडकीची एक काच फुटली होती. तिथे खळीने काहीतरी चिकटवलं होतं. हेमाबाईंनी ते पाहिलं आणि सोडून दिलं. त्यांचं लक्ष पापणीवर होतं.

त्या जवळ बसल्या. तोंडाला दारूचा वास नव्हता.

"आढ्याकडे बघा. बघत राहा. मान हलवू नका."

गुणाजी बघत राहिला. थोड्याच वेळात डावी पापणी हळूहळू घरंगळली आणि डोळा पूर्ण मिटला. तो भुवया ताणून ती वर ओढू लागला. जमेना.

"दिसला ना?" गोमाजी दारातून म्हणाला. "झिंगलाय."

"जनी," हेमाबाई म्हणाल्या, "टोपलीत बर्फ उरलाय?"

मासळीच्या टोपलीत तळाला बर्फाचे खडे होते. त्यांनी एक रुमालात गुंडाळला आणि गुणाजीच्या मिटलेल्या डोळ्यावर धरला. भागीरथी माजघरातून येऊन उभी राहिली. बर्फाचं पाणी गुणाजीच्या गालावरून ओघळून शर्टात गेलं. दोनेक मिनिटांनी हेमाबाईंनी रुमाल काढला.

पापणी वर गेलेली होती. डोळा सकाळसारखा लख्ख उघडा. शेजारचा उजवा मात्र अर्धा मिटलेलाच.

"दारू प्यालेल्याची पापणी बर्फाने उघडत नाही, गोमाजी. तुमच्या भावाने दारू खरंच सोडलीय. याचे स्नायू दमतात. सकाळी ताजे असतात, वापरले की संपतात. पापणीचे, जिभेचे, जबड्याचे." मग त्या गुणाजीला हळूच म्हणाल्या, "आणि घशाचेही. हो ना?"

गुणाजीच्या डोळ्यांना पाणी आलं. उघड्या डोळ्यातून ते सरळ खाली पडलं.

"रातची गोली जायाची नाय, बाय," तो नाकातून म्हणाला. शब्द एकमेकांत अडकत होते. "घशात रायाची. पानी प्यालो का नाकातनं यायाचं. मोठा बाप्या मी, लहान पोरावानी नाकातनं पानी. जनीसमोर घ्यायाचो, मंग मोरीत जाऊन काढायाचो. फेकवंना, औषध हाय. बाटलीत ठेवली. मंग एक दिवस खाडीत टाकली."

"मना कललं," जनी म्हणाली. "तवापासून मी सकाली देते. सकाली समदं जातं. पन यांनी शपथ घातली, आयेला बोलू नको म्हनून."

भागीरथी भिंतीला धरून खाली बसली. हेमाबाईंना वाटलं, तिला हलकं वाटत असेल. पण तिच्या चेहऱ्यावर हलकेपण नव्हतं.

"मंग आवषद पोटात जातं?" तिने विचारलं.

"सुरुवातीच्या थोड्या दिवसांचं सोडलं, तर रोज."

"तरी बरा होत नाय?"

या प्रश्नाला उत्तर द्यायच्या आधीच हेमाबाईंना सोमवारची सुई आठवली. दमणारे स्नायू. छातीचे स्नायू त्याच जातीचे. आणि स्ट्रेप्टोमायसिन नेमकं अशाच स्नायूंना आणखी लुळं करतं. सोमवारी सिस्टर सुई देईल, माणूस घरी येईल, आणि संध्याकाळी त्याची छाती पापणीसारखी खाली बसेल.

४

सुई थांबवायची, तर पाटणकरांच्या हातात काहीतरी द्यायला हवं होतं. सपाट हात, तोंडातली बुरशी, न मरणारा टीबी आणि दमणारे स्नायू. चार गोष्टी चार दिशांच्या. विद्यार्थिदशेत एका जाड पुस्तकात या चौघी एकत्र भेटल्याचं हेमाबाईंना अंधूक आठवत होतं. चौघींचं एकच घर होतं, छातीच्या मधल्या हाडामागे. पाटणकरांच्या नव्या एक्स-रेत तिथे फुगवटा होताच. पण टीबीच्या माणसाच्या छातीत गाठी सुजतातच, म्हणून कोणी त्याकडे पाहिलं नव्हतं. हा फुगवटा टीबीच्या आधीचा की नंतरचा, ते फक्त जुनी प्लेट सांगू शकत होती.

"ती कल्याणची प्लेट. कशासाठी काढली होती?"

"दुर्गाडी किल्ल्याखाली होडीतनं पडला तवा," भागीरथी म्हणाली. "बरगडी मोडली का बगायला. तवा खोकला नवता, काय नवता. दिवालीला पेटीत मी बगितली. मंग नाय. हिनंच..."

तेवढ्यात बर्फाची करामत ऐकून चंद्रभागा आत आली होती. तिने भाबडेपणाने विचारलं, "कुठली पलेट? गिरनाची?"

सगळे तिच्याकडे बघू लागले.

"दिवालीच्या अवसेला गिरान नवतं का लागलं सूर्याला? टीव्हीवर सांगत होते, नुसत्या डोल्यांनी बगू नका. समद्या आलीला एकेक तुकडा मिलाला. माजा मी ठेवलाय, फुडच्या गिरनाला होईल." तिने धावत जाऊन आणला. हाताच्या पंजाएवढा काळा तुकडा, त्यात बरगड्यांच्या फिकट कमानी.

"या प्लेटमधून सूर्य बघायचा नसतो," हेमाबाईंच्या तोंडून सवयीने गेलं. मग त्यांनी भागीरथीकडे पाहिलं. "भागीरथीबाय, ग्रहण लागलं तेव्हा जनी कुठे होती?"

"कुठं आसनार? पोटुशी बाई गिरनात बाहेर पडते का? माज्या मांडीला मांडी लावून बसवली होती, दार लावून. सुई नाय, विळा नाय, कातर नाय. हलूसुदिक दिली नाय मी."

"सुटेपर्यंत?"

"सुटून आंघोल होईपरयंत."

"मग प्लेट कोणी कापली?"

भागीरथी थांबली. जनीला कोंडून ठेवणारा पहारा तिचा स्वतःचाच होता, तो तिला मोडता येईना. तिची नजर हळूहळू दाराकडे गेली. गोमाजीने शर्टाच्या खिशावर हात ठेवला होता.

"मना काय म्हाईत डागदर मागतील," तो पुटपुटला. "बरगडी तं जुलली होती. पोरं मागं लागली. मंग तू इचारलीस तवा मी घाबरलो, आये. गप बसलो."

"गप बसलास," भागीरथी म्हणाली, "आन् मी हिला..."

गोमाजीने खिशातून त्याचा तुकडा काढला; होडीवर उन्हाकडे बघायला तो जवळच ठेवायचा. दोन्ही तुकडे हेमाबाईंनी पश्चिमेच्या उजेडावर धरले. एक डाव्या फुप्फुसाचा, एक उजव्या. दोन्ही स्वच्छ, काळे, निर्मळ. तेव्हा टीबीचा मागमूस नव्हता.

"आणि मधला भाग?"

"तो बिनकामाचा," गोमाजी म्हणाला. "काला नाय ना तो. सफेद. त्यातनं सूर्य डोल्याला लागतो. उकिरड्यावर टाकला."

ग्रहणाला हवं होतं ते काळं, म्हणजे फुप्फुस. हृदय आणि त्याच्या आसपासचं सगळं कोणालाच नको होतं. हेमाबाईंनी निराश होऊन मान फिरवली, आणि पुन्हा तो निळसर उजेड डोळ्यांवर आला.

खिडकीत खळीने चिकटवलेली पट्टी मावळतीच्या उन्हात पेटल्यासारखी दिसत होती. मधोमध कण्याच्या मण्यांची फिकट माळ. तिच्या एका बाजूला हृदयाचा ओळखीचा उतार. आणि त्या उताराच्या वर, जिथे कडा आत वळायला हवी, तिथे ती बाहेर आली होती. गुळगुळीत, गोल, लिंबाएवढी.

"काच फुटली होती," जनी म्हणाली. "उकिरड्यावर पडली होती ती. उजेड येतो म्हनून लावली."

वर्षभराचं उत्तर त्या घराच्या चुलीवर उजेड पाडत होतं.

५

त्या संध्याकाळी घरी जाताना डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या एसटीडी बूथमधून हेमाबाईंनी दोन फोन केले. पहिला नौपाड्याला पाटणकरांना. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "उद्या मी नवी प्लेट घेऊन येतो. सुई बंद." दुसरा मुंबईला, छातीची ऑपरेशनं करणाऱ्या त्यांच्या जुन्या सरांना.

"थायमसची गाठ दिसते," सर म्हणाले. "काढायला हवी. पण असा थुंकीतून जंतू येणारा माणूस मी टेबलावर घेऊ शकत नाही. आधी टीबी आवरा."

"गाठ आहे तोवर टीबी आवरत नाही, सर."

"कळतंय मला." सरांनी आवाज खाली आणला. "आणि खरं सांगायचं तर हेमा, गाठ काढली तरी गेलेली ताकद परत येतेच असं नाही. स्नायूंना गोळी आहे, ती सुरू करा. जेवता येईल त्याला."

बूथमधून बाहेर आल्यावर त्या उगाचच थोडा वेळ तिथे उभ्या राहिल्या. इतके दिवस त्यांनी एकच गोष्ट शोधली होती, जनीने औषध दिलं की नाही. ते सापडलं होतं. सापडलेलं कुठे ठेवायचं, हे कळत नव्हतं.

रविवारी सकाळी जमात बसली ती भागीरथीच्या अंगणातच. जमातीचा म्हातारा भिवाजी मध्ये. गुणाजीने सकाळचं स्वच्छ बोलणं वापरून स्वतःच सगळं सांगितलं, नाकातल्या पाण्यापासून खाडीतल्या बाटलीपर्यंत. गोमाजीने प्लेटचं कबूल केलं. ते म्हणताना तो वहिनीकडे बघू शकला नाही.

पाटणकरांनी स्कूटरवर बांधून आणलेली नवी प्लेट उन्हात धरली. शेजारी हेमाबाईंनी खिडकीतून सोडवलेली पट्टी. दोन्हीकडे तोच गोल, नवीत मोठा झालेला.

"ही मी रोज बघत होतो," पाटणकर हळू म्हणाले. "टीबीची गाठ म्हणून."

"म्हंजे चोर कोन?" भिवाजीने विचारलं. "आमाला समजल असं बोला."

हेमाबाई जरा थांबल्या. "तुमच्या होडीवर नवी पोरं आली की तांडेल शिकवतो ना? कोणता मासा ठेवायचा, कोणता डंख मारतो, कोणता दोर सोडायचा, कोणता कधीच नाही?"

"तांडेलच शिकवतो."

"छातीत, या हाडामागे, एक लहानसं इंद्रिय असतं. रोगाशी लढणाऱ्या पेशींचा तांडेल म्हणा. वैरी कोण, आपला कोण, हे तो त्यांना शिकवतो. गुणाजीच्या तांडेलालाच गाठ झाली, टीबी व्हायच्या आधी. त्याने पेशींना उलटंसुलटं शिकवलं. त्या टीबीच्या जंतूला ओळखतच नाहीत, म्हणून टोचलं तरी हात सुजत नाही. आणि आपल्याच माणसावर, त्याच्या स्नायूंवर, हात टाकतात. औषध जंतूंना मारतं, पण एकटं पुरत नाही. उरलेले मारायला अंगातलं कोणी उठावं लागतं. याच्या अंगात कोणी उठत नाही."

भिवाजीने सावकाश मान हलवली. मग म्हणाला, "जनीचा दोष नाय. जनी हितंच राहील. पोर हितंच जनमंल. कोनाला काय बोलायचंय?"

चंद्रभागा पदराने डोळे पुसत होती. जनी ओसरीच्या खांबाशी उभी होती. आज तिला कोणीतरी पाट दिला होता, तरी ती बसली नव्हती.

"आन् सुया?" भागीरथीने विचारलं.

पाटणकर प्लेट पिशवीत घालत होते. "सुई नाही देता येणार, आजी. सुईने त्याचा श्वास थांबेल."

"मंग गाठ काढा."

"टीबी असताना ती काढायला कोणी तयार नाही," हेमाबाई म्हणाल्या. "गोळ्या चालू ठेवू. स्नायूंसाठी एक नवी गोळी देऊ, तिने संध्याकाळी डोळे उघडे राहतील, घास गिळता येईल."

"बरा कवा होईल?"

पाटणकरांनी पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा मारली. गुणाजी जाळ्याच्या ढिगाशी बसला होता. तो आईकडे बघत नव्हता. त्याला बहुधा काल संध्याकाळीच कळलं होतं.

भागीरथीने तिघांचे चेहरे पाहिले. मग खांबाकडे बघून म्हणाली, "जने."

"काय, आये?"

"तूच चोर असतीस, गो, तं बरा झाला असता."

अंगणातल्या कोणीतरी "अगं, काय बोलतेस" म्हटलं. पण जनीला ते लागलेलं दिसलं नाही. ती येऊन सासूशेजारी जमिनीवर टेकली, एक हात पोटाखाली धरून, जड अंगाने.

"व्हय आये," ती म्हणाली. "मनापन वाटायचं तसं. तुमी मना बोलायच्या, तवा वाटायचं, आसंल माजंच काय चुकत. मंग ते नीट केलं का उठतील."

हेमाबाईंच्या हातात ती पट्टी अजून होती. ती कोणाला द्यावी, ते त्यांना कळेना. पाटणकरांनी हात पुढे केला, मग स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या उघड्या चौकोनाकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं होतं. भागीरथीने डोळ्यांवर आडवा हात धरून ते पाहिलं.

"चल," ती सुनेला म्हणाली आणि तिला उठवायला स्वतःचा खांदा दिला. "दुपार व्हायच्या आत त्याला जेवाय घालू. मंग त्याला चावत नाय."